ज्यांनी पाहिले त्यांची नावे

इसवी सन ५४ च्या सुमारास पौल इफिस शहरातून करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहीत होता. लिहीत होता म्हणजे तो सांगत होता आणि लेखनिक उतरवून घेत होता. शेवटचा नमस्कार तेवढा त्याने स्वतःच्या हाताने लिहिला. मंडळीत गट पडले होते. आपसातली भांडणे सरकारी न्यायासनासमोर जात होती. एकत्र भोजनाला बसले की कुणी पोटभर जेवून पिऊन सुस्त व्हायचे आणि कुणी उपाशी उठायचे. या सगळ्याचा समाचार घेऊन झाल्यावर, पत्र संपत आले असताना, पौल आणखी एका गोष्टीकडे वळला. करिंथमधले काहीजण म्हणत होते की मेलेली माणसे पुन्हा उठत नसतात. पौलाने तत्त्वचर्चा नंतर केली. आधी त्याने नावे घेतली.

ख्रिस्त मरण पावले, त्यांना पुरण्यात आले, तिसऱ्या दिवशी ते उठवले गेले आणि मग त्यांचे दर्शन झाले. कुणाला? केफाला, म्हणजे पेत्राला. मग बारा शिष्यांना. मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना, ज्यांच्यातले बहुतेक अजून हयात आहेत. मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना आणि सगळ्यांत शेवटी खुद्द पौलाला. मजकूर एवढाच. पण पुनरुत्थान पाहिले असे सांगणाऱ्यांचा हा सर्वांत जुना लेखी उल्लेख आहे. आपल्या माहितीची चार शुभवर्तमाने यानंतरची. त्यातले सर्वांत आधीचे मार्कचे, तेही इसवी सन ७० च्या आसपासचे मानले जाते.

पत्राच्या काळाला भक्कम आधार आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौलाला करिंथमध्ये गल्लियो नावाच्या रोमन सुभेदारासमोर उभे केल्याची हकिकत येते. ग्रीसमध्ये डेल्फी येथे सम्राट क्लॉडियसच्या पत्राचा शिलालेख तुकड्यांच्या रूपात सापडला. त्यात याच गल्लियोचे नाव आहे, आणि त्यावरून त्याची कारकीर्द ५१–५२ च्या सुमाराची ठरते. पौलाचे पत्र त्यानंतर दोन-तीन वर्षांनी गेले. येशूंना क्रुसावर दिले ते इसवी सन ३० किंवा ३३ मध्ये. म्हणजे मधे वीस-पंचवीस वर्षांचे अंतर. एवढ्या अवधीत घटना पाहिलेली पिढी संपत नाही. चौकशी करायची तर माणसे भेटू शकत होती.

यादी मात्र पत्राहूनही जुनी आहे, आणि मला हा सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा धागा वाटतो. आपल्याला जे मिळाले तेच आपण तुम्हाला सोपवले, असे पौल आधीच सांगून टाकतो. मजकुराची घडण पाठांतराची आहे: तोलून मापून बसवलेली छोटी वाक्ये, एकाच शब्दाने सुरू होणारी. ‘बारा’ हा शिष्यमंडळाचा उल्लेख पौलाच्या इतर लिखाणात कुठेच येत नाही, तो इथेच येतो. पेत्राचे नावही अरामी वळणाचे, येशूंच्या मायबोलीतले. दुसऱ्याने घडवलेले वाक्य पौलाने मुखोद्गत केले आणि तसेच पुढे दिले, हे यातून दिसते. त्याला ते कुठे मिळाले असेल याचा सुगावा गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात लागतो. धर्मांतरानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला, पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि त्या वेळी येशूंचा भाऊ याकोब यालाही भेटला, असे तो स्वतः लिहितो. हे लिहिताना तो देवाची शपथ घेतो. यादीत ज्या दोघांची नावे स्वतंत्रपणे आली आहेत, नेमके तेच हे दोघे. येशू देहाने उठले असे न मानणारे जर्मन अभ्यासक गेर्ड ल्यूडेमान यांनीही या यादीचा गाभा क्रूसानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतला मानला. श्रद्धा हळूहळू, पिढ्यांनंतर, दंतकथेसारखी वाढत गेली असे एकेकाळी सर्रास म्हटले जाई. या यादीपुढे ते टिकत नाही. शिष्य खरे बोलत होते की त्यांचा भ्रम झाला होता, हा प्रश्न राहतो. पण ते हे अगदी लवकर बोलू लागले, यात शंकेला फार जागा नाही.

त्यांचे बोलणे किती विचित्र होते हे आज लक्षात येत नाही, कारण दोन हजार वर्षांच्या सवयीने आपले कान सरावले आहेत. पहिल्या शतकातल्या यहुदी समाजात पुनरुत्थानाची कल्पना नवी नव्हती. दानिएलाच्या ग्रंथात ती आहे. मक्काबी बंडाच्या आठवणींतले सात भाऊ छळ सोसताना आपले हातपाय देव परत देईल अशा भरवशावर मरतात. परुशी पंथाचे लोक पुनरुत्थान मानत, मंदिराची सत्ता हाती असलेले सदूकी ते साफ नाकारत. पण मानणाऱ्यांच्या मनातले चित्र सगळ्यांसाठी एकदम होणाऱ्या घटनेचे होते: जगाच्या अंती, न्यायाच्या दिवशी, सर्व नीतिमान एकत्र उठतील. बाकी जग होते तसेच चालू असताना, रोमन शिपाई रस्त्यावर पहारा देत असताना, एकच माणूस आधी उठावा, ही अपेक्षा कुणी केली नव्हती. त्यातून तो माणूस क्रुसावर मेलेला. त्याच शतकात रोमनांनी आणखी पुढारी मारले. थ्यूदाचे डोके कापून यरुशलेमला आणले, शिमोन बार गियोराला रोमच्या विजययात्रेत मिरवून ठार केले. त्यांचे अनुयायी पांगले. आमचा पुढारी उठला असे त्यांच्यातल्या कुणी म्हटल्याची नोंद नाही. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाबद्दल तशी कुजबुज झाली होती. हेरोदाने येशूंची कीर्ती ऐकली तेव्हा योहानच परत आला असे त्याला वाटले, असे मार्क सांगतो. पण ती कुजबुजच राहिली. कुणी पुढे येऊन, मी त्याला पाहिले, अशी साक्ष दिली नाही आणि तिच्याभोवती समाज उभा राहिला नाही.

दुसरीकडे ग्रीकांना देहाने परत येण्याची कल्पनाच अशोभनीय वाटे. आत्मा देहाच्या तुरुंगातून सुटतो, हे त्यांना पटणारे. तो पुन्हा त्याच देहात कशाला येईल? अथेन्समध्ये पौलाचे भाषण याच मुद्द्यावर आले तेव्हा काहींनी टिंगल केली आणि काही पुन्हा कधीतरी ऐकू म्हणून उठले. करिंथकरांची अडचण याच जातीची होती. हा संदेश यहुद्यांना अवेळी वाटत होता आणि ग्रीकांना ओंगळ, तरी पौल त्याला सौम्य करीत नाही. ख्रिस्त उठले नसतील तर आमचा उपदेश फुकट आहे आणि आम्ही देवाविषयी खोटी साक्ष देणारे ठरलो, असे तो याच पत्रात लिहितो. खोट्या साक्षीचा आरोप त्याने स्वतःच मांडून ठेवला, त्याला बगल दिली नाही.

आता यादीतल्या माणसांकडे जरा जवळून पाहू. याकोब हे नाव मला फार विचार करायला लावते. येशूंच्या हयातीत त्यांचे भाऊ त्यांच्यावर विश्वास ठेवत नव्हते, हे योहानाचे शुभवर्तमान उघड सांगते. घरच्या माणसांना ते भ्रमिष्ट झाल्यासारखे वाटले आणि ते त्यांना धरून न्यायला आले, असे मार्कने नोंदवले आहे. तोच भाऊ काही वर्षांतच यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झालेला दिसतो. इसवी सन ६२ च्या सुमारास त्याला दगडमार करून मारले. ही बातमी ख्रिस्ती लेखकाकडून येत नाही, यहुदी इतिहासकार जोसेफसकडून येते. मधे काय घडले, याचे कारण पौलाच्या यादीत आहे. त्या दर्शनाचे वर्णन मात्र चारपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. पाचशे जणांचेही तसेच. ती संख्या ठसठशीत आहे, हयात लोकांचा उल्लेख तर ‘जा, विचारून या’ असे आव्हानच देतो. पण जागा नाही, नाव नाही, दुसरा आधार नाही. माझ्या मते यादीतली ही सर्वांत धीट ओळ आहे आणि पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत लंगडीही.

शेवटचे नाव पौलाचे, आणि इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. त्याला झालेले दर्शन येशूंच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने, दमिष्कच्या वाटेवर झाले: झगझगीत प्रकाश आणि वाणी. ‘प्रेषितांची कृत्ये’ मध्ये ही कथा तीनदा येते, आणि तपशील जुळत नाहीत. एकदा सोबत्यांना आवाज ऐकू आला पण कुणी दिसले नाही. दुसऱ्यांदा त्यांना प्रकाश दिसला पण वाणी ऐकू आली नाही. पौल मात्र आपला अनुभव पेत्राच्या अनुभवाच्याच ओळीत, त्याच क्रियापदाने मांडतो. मग पेत्रानेही प्रकाशच पाहिला होता काय? शुभवर्तमानकार लूक याच्या अगदी उलट टोकाला उभा आहे. त्याच्या कथनात शिष्य घाबरतात, त्यांना भूत पाहतो आहोत असे वाटते. येशू त्यांना हातपाय दाखवतात, भुताला हाडामांसाचा देह नसतो हे बजावतात आणि भाजलेल्या माशाचा तुकडा घेऊन त्यांच्यासमोर खातात. पौल मात्र सांगतो की उठलेला देह आध्यात्मिक असतो आणि मांस-रक्ताला देवाच्या राज्याचा वारसा मिळत नाही. दोघेही पुनरुत्थानच सांगत आहेत, दोघेही देहाचा उल्लेख टाळत नाहीत. पण देह म्हणजे काय यावर त्यांची भाषा वेगळी आहे. हा फरक पुसून टाकू नये असे मला वाटते. काहीतरी पाहिले आणि त्याला नेमके नाव सापडेना, अशी माणसे याच तऱ्हेने बोलतात.

दर्शनांचा उलगडा मानसशास्त्राने करण्याचा प्रयत्न जुना आहे. १९७१ मध्ये डेवी रीस या डॉक्टरांनी वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांच्या मुलाखती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये प्रसिद्ध केल्या. जवळपास निम्म्या लोकांना गेलेल्या जोडीदाराचा कधी ना कधी अनुभव आला होता. बहुतेकांना नुसते अस्तित्व जाणवले, थोड्यांना ते माणूस दिसले. हे वेडाचे लक्षण नाही, दुःखाच्या वाटेवरचा नेहमीचा मुक्काम आहे. पेत्राच्या बाबतीत, ज्याने गुरूला तीनदा नाकारले आणि मग तोंड लपवून रडला, हा उलगडा मनाला भिडतो. पौलाला तो लागू पडत नाही. तो शोकात नव्हता, तो या लोकांना पकडायला निघाला होता. आणि एक कोडे उरतेच. मेलेला माणूस दिसला की प्राचीन जगातली माणसेही त्याचा अर्थ ‘तो मेला आहे, त्याचा आत्मा भेटायला आला’ असाच लावत. भूत म्हणायला शब्द होते, देवदूत म्हणायला शब्द होते. शिष्यांनी ते सोडून, अवेळी आणि कुणाला न पटणारा ‘पुनरुत्थान’ हाच शब्द का धरला? रिकाम्या कबरीची हकिकत इथे महत्त्वाची होते, आणि तिथे आपण बायकांपाशी येतो.

पौलाच्या यादीत एकाही बाईचे नाव नाही. चारही शुभवर्तमानांत मात्र कबरीपाशी पहिल्या पोचतात त्या बायकाच, आणि मग्दालाची मरीया चौघांतही आहे. मार्कने तर जणू पंचनामा केला आहे. येशूंनी प्राण सोडला तेव्हा दुरून कोण पाहत होते: मग्दालाची मरीया, धाकट्या याकोबाची आई मरीया आणि सलोमे. कुठे ठेवले हे कोणी पाहिले: दोघी मरीयांनी. शब्बाथ उलटल्यावर पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन कोण गेले: पुन्हा तिघी. दीड दिवसात तीन वेळा नावे, आणि ती तंतोतंत सारखीही नाहीत. ‘येशू आणि प्रत्यक्षदर्शी’ या २००६ च्या ग्रंथात रिचर्ड बॉकम यांनी हा मुद्दा मांडला: नावे अशी बदलतात याचे कारण, प्रत्येक प्रसंगी जी खरोखर हजर होती तिचेच नाव ठेवले आहे. पदरचे घालून सांगायचे असते तर सगळीकडे त्याच तिघी घातल्या असत्या.

त्या काळी बाईच्या शब्दाला काय किंमत होती? जोसेफसने मोशेच्या नियमांचा सारांश देताना स्पष्ट लिहिले की बायकांची साक्ष घेऊ नये, त्या चंचल असतात. हे विधान अनेक पुस्तकांत असे वापरले जाते की जणू बाईच्या बोलण्याला शून्य किंमत होती. ते अतिरेकी आहे. नवरा मेला अशी एकट्या बाईने दिलेली साक्षही धरावी, अशी तरतूद पुढे मिश्नात आहे, नाहीतर विधवेला दुसरे लग्न करताच आले नसते. पण चारचौघांत, परक्यांना पटवायचे असताना, बायकांच्या तोंडून आलेली बातमी हा कमकुवत दुवा होता यात वाद नाही. लूक स्वतःच सांगतो की बायका येऊन सांगू लागल्या तेव्हा प्रेषितांना ती बडबड वाटली. पुढे इसवी सन १७८ च्या सुमारास केल्सस नावाच्या विद्वानाने ख्रिस्ती श्रद्धेवर सविस्तर हल्ला चढवला, तेव्हा त्याने नेमके इथेच बोट ठेवले: हे पाहिले कोणी, तर एका भान हरपलेल्या बाईने. रचायचीच असती तर कथा अशी कुणी रचली नसती, हा युक्तिवाद म्हणून मला वजनदार वाटतो. त्यावर उलट उत्तरही आहे, आणि ते प्रामाणिक आहे: प्रेताला सुगंधी द्रव्ये लावणे हे सहसा बायकांचे काम होते, तेव्हा कथा कल्पित असली तरी तिथे बायकाच आल्या असत्या. मान्य. पण मग पौलाच्या यादीत त्या का नाहीत? मला वाटते, परक्या शहरात उपदेशासाठी पाठ करायची यादी जेव्हा घडली तेव्हा त्यांची नावे गळली, आणि घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या कथेने ती राखली. ज्या साक्षीचा बाहेर उपयोग नव्हता ती आत टिकली, हीच तिच्या बाजूची मोठी गोष्ट. मग्दालाच्या मरीयेचा स्मरणदिन २२ जुलैला असतो. त्याला कॅथलिक पंचांगात प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळायला २०१६ साल उजाडावे लागले.

मुळात कबर होती काय, असाही प्रश्न विचारला गेला आहे. क्रुसावर मेलेल्यांची प्रेते रोमन लोक तिथेच सडू देत, गिधाडे-कुत्री खात, असे सर्वसाधारण चित्र. १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तरेला गिवात हामिवतार येथे बांधकामासाठी खोदताना काही कोरीव कबरी लागल्या. अस्थी ठेवायच्या एका दगडी पेटीवर यहोहानान हे नाव होते. आत एका तरुणाची हाडे होती आणि टाचेच्या हाडात आरपार गेलेला, सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा लोखंडी खिळा. खिळ्याचे टोक वाकले होते, त्यामुळे तो उपसता आला नाही आणि हाडासकट तसाच पुरला गेला. लाकडाचे कणही त्याला चिकटलेले होते. क्रुसावर दिलेल्या या माणसाला त्याच्या घरच्यांनी रीतसर कबरीत ठेवले होते आणि मांस झडल्यावर अस्थी गोळा करून पेटीत जपल्या होत्या. क्रुसावर दिलेल्यांनाही सूर्यास्तापूर्वी उतरवून पुरण्याची यहुद्यांची रीत जोसेफसनेही सांगितली आहे. एका खिळ्याने येशूंची कबर सिद्ध होत नाही. पण अरिमथाईकर योसेफ नावाच्या माणसाने रोमन सुभेदार पिलाताकडे जाऊन येशूंचे प्रेत मागितले, या वाक्यात अशक्य असे काही नाही, एवढे त्याने दाखवले.

मार्कच्या सर्वांत जुन्या प्रतींचा शेवट तर थक्क करणारा आहे. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन मोठ्या हस्तलिखितांत, बायका कबरीतून थरथरत पळाल्या आणि भीतीपोटी कुणाला काही बोलल्या नाहीत, इथेच पुस्तक थांबते. उठलेल्या येशूंचे एकही दर्शन नाही. इतर प्रतींत येणाऱ्या पुढच्या बारा ओळी नंतरच्या हाताने जोडलेल्या आहेत. कुणाला तरी तो शेवट सोसला नाही. त्यांना न सोसलेला तो शेवट मला मात्र विश्वासार्ह वाटतो.

चारही शुभवर्तमाने शेजारी ठेवून वाचली की विसंगती डोळ्यांत भरते. योहानाकडे मरीया एकटीच येते, लूककडे बऱ्याच जणी. कबरीपाशी दिसलेला तरुण एक की दोन? दर्शन गालीलात की यरुशलेमात? कबरीवरचे पहारेकरी फक्त मत्तयाकडे, आणि ते कशासाठी तेही तो सांगून टाकतो: शिष्यांनी प्रेत चोरले अशी वदंता त्याच्या काळी यहुद्यांत चालू होती. अठराव्या शतकात हामबुर्गच्या रायमारुस यांनी या विसंगती एकत्र करून साक्षच मोडीत काढली. त्यांच्या मृत्यूनंतर लेसिंग यांनी ते लिखाण छापले. त्याआधी, १७२९ मध्ये इंग्लंडमध्ये टॉमस शेरलॉक यांनी प्रेषितांवर कोर्टात खटला चालल्याची कल्पना करून पुस्तक लिहिले आणि त्यांना निर्दोष सोडले. ज्या टॉमस वूलस्टन यांच्या टीकेला ते उत्तर होते, त्यांच्यावर मात्र खराच खटला झाला होता. ईश्वरनिंदेचा दंड भरता न आल्याने त्यांचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. साक्षीची बाजू घेणाऱ्यांनी साक्ष तपासणाऱ्याला कोंडून ठेवावे, हे मला आजही टोचते.

विसंगतीचा अर्थ काय लावायचा? जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर अंतराळयान फुटले. मानसशास्त्रज्ञ उलरिक नाइसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून, बातमी कुठे आणि कशी कळली, हे लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारले. अनेकांची उत्तरे पार बदलली होती, तरी ते आपल्या आठवणीवर ठाम होते. हा प्रयोग प्रत्यक्षदर्शींविरुद्ध नेहमी सांगितला जातो, आणि त्याने मिळणारा धडा खरा आहे: ठामपणा म्हणजे अचूकपणा नव्हे. पण त्याच प्रयोगाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. बदलले ते आपण कुठे होतो, कुणी सांगितले, सोबत कोण होते हे तपशील. यान फुटले हे कुणी विसरले नव्हते. पहाट, कबर, मरीया, रिकामी जागा, हा गाभा चारही कथनांत एक आहे. कडा विस्कटलेल्या आहेत.

आणखी एक गोष्ट चौघांतही सारखी आहे, आणि ती न लिहिलेली आहे. येशू प्रत्यक्ष उठले तो क्षण कुणीच वर्णन केलेला नाही, कारण तो पाहिल्याचा दावा कुणीच केला नव्हता. ही मोकळी जागा भरायचा मोह किती होता हे दाखवणारे पुस्तक १८८६–८७ च्या हंगामात इजिप्तमध्ये अखमीम येथे एका कबरीत सापडले. ‘पेत्राचे शुभवर्तमान’ म्हणून ते ओळखले जाते आणि दुसऱ्या शतकातले आहे. त्यात रात्री आकाश उघडते, दोन तेजस्वी पुरुष उतरतात, शिळा आपोआप सरकते. मग तिघे बाहेर येतात: दोघांची डोकी आभाळाला टेकलेली, मधल्याचे आभाळाच्याही वर. त्यांच्यामागून क्रूस चालत येतो आणि आकाशवाणीने विचारलेल्या प्रश्नाला ‘होय’ म्हणतो. पाहणारे कोण? पेत्रोनिउस नावाचा शताधिपती, त्याचे शिपाई आणि यहुद्यांचे वडीलजन. म्हणजे विरोधकच साक्षीदार. उठल्यावर येशू शत्रूंना का दिसले नाहीत, हा केल्ससचा टोमणा. या पुस्तकात त्याला आयते उत्तर तयार आहे. अंत्युखियाचा अध्यक्ष सेरापियोन याने दुसरे शतक संपताना हे पुस्तक मंडळीत वाचायला मनाई केली. हे वाचून मार्ककडे परतले की घडवलेली साक्ष कशी दिसते आणि चाचपडणारी कशी दिसते, हे आपोआप कळते.

साक्षीदाराचे महत्त्व मंडळीला पहिल्यापासून जाणवत होते. बारांपैकी येशूंना दगा देणाऱ्या यहूदाची जागा भरायची वेळ आली तेव्हा पेत्राने अट घातली: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत जो आमच्यासोबत होता, त्यालाच निवडायचे, म्हणजे तो पुनरुत्थानाचा साक्षीदार होईल. विद्वत्ता, वक्तृत्व यांची विचारणा नाही. दोन माणसे अटीत बसली, चिठ्ठी मत्थियाच्या नावाने निघाली. पण अशी माणसे मरणारच होती. एक शिष्य तरी मरणार नाही, अशी समजूत पसरली होती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस ती खोडून काढावी लागली, आणि लगेच पुढे वेगळाच आवाज येतो: या शिष्याने हे लिहिले, आणि त्याची साक्ष खरी आहे हे आम्हाला ठाऊक आहे. हे ‘आम्ही’ पाहिलेल्यांचे नाही. पाहणाऱ्याला ओळखणाऱ्यांचे आहे.

दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हिएरापोलिसचा पापियास येणाऱ्या-जाणाऱ्यांना गाठून, आंद्रियाने काय सांगितले, पेत्राने काय सांगितले, असे विचारत असे. पुस्तकापेक्षा जिवंत आवाजाचा उपयोग अधिक, असे त्याचे मत मंडळीचा इतिहासकार युसेबियस याने जपून ठेवले. त्याच्यानंतरच्या पिढीचा इरेनेयस उतारवयात एका जुन्या मित्राला लिहितो की लहानपणी पाहिलेला गुरू पॉलिकार्प मला अलीकडच्या घटनांपेक्षा स्पष्ट आठवतो: तो बोलायला कुठे बसायचा, कसा आतबाहेर करायचा, दिसायला कसा होता, आणि योहानाशी व प्रभूला पाहिलेल्या इतरांशी झालेले बोलणे कसे सांगायचा. साखळीत फक्त एक कडी. इरेनेयसनंतर असे म्हणणारा कुणी उरला नाही.

मग पुस्तकांचे काय करायचे, हा प्रश्न आला. इसवी सन १७० च्या सुमारास तातियानने चारही शुभवर्तमाने एकत्र गुंफून एकच सलग कथा केली. विसंगती नाहीशा झाल्या. एकसंध येशूचरित्राची ओढ स्वाभाविक आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’, १६१६ मध्ये राचोलला छापलेले, तेही ओव्यांत गुंफलेले सलग कथनच आहे. पण स्टीफन्स यांचे पुराण बायबलच्या जागी बसवण्यासाठी नव्हते. तातियानचे पुस्तक सीरियातल्या मंडळ्यांत उपासनेच्या वेळी शुभवर्तमान म्हणून वाचले जात होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांना तेवढेच माहीत होते. इरेनेयसने मात्र शुभवर्तमाने चारच आणि चारही हवीत असा हट्ट धरला होता. पाचव्या शतकात सायरस या गावाचा अध्यक्ष थिओडोरेट आपल्या हद्दीतल्या मंडळ्यांत फिरला, तातियानच्या दोनशेहून अधिक प्रती त्याने गोळा करून काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी मत्तय, मार्क, लूक, योहान असे चार वेगवेगळे, एकमेकांशी न जुळणारे वृत्तान्त ठेवले.